मसुद्यातली कोरी जागा

'ज्याअर्थी' लिहून झालं, 'त्याअर्थी' लिहून झालं,
फक्त दिनांक उरला.
तेवढी जागा कोरी ठेवून फाईल बांधली,
गाठ सैलच मारली,
पुन्हा सोडावी लागणार होती.

अधिवेशन तोंडावर आलेलं.
सिव्हिल लाइन्सच्या दुभाजकांना काळा-पिवळा रंग,
आणि आमच्या टेबलाला तोंडी आदेश:
माजी सैनिकांचा एक दिवस हवा,
जिल्ह्यापुरता, अधिकृत,
खर्च शक्यतो नको.

बैठकीला खुर्च्या सात, माणसं अकरा.
कामठीचे सुभेदार बनसोड,
कोटाच्या छातीवर पदकांनी पाडलेली भोकं;
पदकं नातवानं नेलेली, शाळेत, वेशभूषा स्पर्धेला.
वायुसेना नगरचे सार्जंट मुठाळ उजव्या कानानं बहिरे,
म्हणून सगळ्यांच्या उजवीकडे बसायला धडपडणारे.
मागे जानकीबाई ठवरे, मांडीवर पिशवी,
पिशवीत एक जुनं डिस्चार्ज बुक, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं,
कोणी मागितलं नव्हतं तरी.

तारखा निघाल्या. डिसेंबर, जुलै, जानेवारी.
साहेब म्हणाले, त्या आहेतच,
विजयाच्या आहेत, हुतात्म्यांच्या आहेत,
आपल्याला परत आलेल्यांची हवी.

मग कोणी बोलेना.

बनसोड जरा वेळानं म्हणाले, रात्रीची गाडी होती,
इटारसीला चार तास थांबली, एवढं आठवते.
जानकीबाई उभ्या राहिल्या.
"हे आले तवा तुरीले फुलोरा होता.
पन आले म्हनाव का?
तीन वर्सं आंगनातच झोपले, फाटकाकडं तोंड करून.
घरात आले ते मंग.
त्याची तारीख कोनं लिहून ठेवली?"

पोह्यांवर तर्रीचा लाल थर धरला होता.
साहेबांनी घड्याळ पाहिलं.

तेव्हा रामटेककडचे नाईक कवडू उईके,
तोवर नुसते पंख्याकडे पाहत बसलेले, म्हणाले,
"नोव्हेंबरातला कोनताबी घ्या.
नोव्हेंबरात आमी बँकेत जातो, हयातीचा दाखला द्याले.
मशीन म्हनते अंगठा जुळत नाही.
बर्फानं रेघा खाल्ल्या, मी सांगतो,
मशीनले काय समजते.
पोरगी म्हनते बाबा, पुन्हा ठेवा.
मी पुन्हा ठेवतो. पुसून ठेवतो. थुंकी लावून ठेवतो.
साहेब, वर्सातून एक डाव
सरकार मले विचारते, कवडू, जित्ता आहेस का?
तोच दिवस घ्या."

सगळे हसले. तेही हसले.
इतिवृत्तात मी लिहिलं:
सूचनेची नोंद घेण्यात आली.

फाईल मुंबईला गेली,
होळीनंतर परत आली, कोपऱ्यावर कोणाच्या तरी चहाचा गोल.
शेरा एका ओळीचा:
सुट्टी अनुज्ञेय नाही. दिनांक सोयीनुसार ठरवावा.

सोयीनुसार.
तो शब्द मी स्वतः किती पत्रांत वापरला असेल,
कधी थांबून पाहिलं नव्हतं
तो कोणाची सोय म्हणतो ते.

पुढच्या नोव्हेंबरात अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा टाकली
आणि सदरच्या बँकेत गेले.
काही काम नव्हतं. भिंतीला टेकून उभी राहिले,
हातात डब्याची पिशवी.

उईके रांगेत पाचवे.
अंगठा ठेवला. लाल.
पुसला, ठेवला. लाल.
मागे वीसेक म्हातारे, काठ्या, मफलर, एक व्हीलचेअर,
पण 'आटपा' कोणी म्हणालं नाही.
सगळे त्या एका अंगठ्याकडे बघत होते,
आणि मला कळेना हात कुठे ठेवावेत,
पिशवी खाली ठेवावी की नको.

सातव्यांदा हिरवा.
ते काचेकडे बघून म्हणाले, "हाजिर."
काउंटरवरच्या मुलीनं मान वर केली नाही,
पुढचं नाव पुकारलं.

मसुदा अजून माझ्याकडेच आहे.
कोऱ्या जागेत मी पेन्सिलनं लिहून ठेवलंय,
खोडता येईल इतकं फिकट:
मंगळवार.